लेकीच्या बेटालाही फुलोरा

वीस वर्षं मी कॉलेजात शिकवतेय, की कळक बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, बी टाकतो आणि मरतो. स्वतः मात्र फुललेला कधी पाहिला नव्हता. साखरशेतला कळक फुललाय असं कळलं आणि एप्रिलच्या उन्हाला न जुमानता निघाले. ठाण्याहून वाड्यामार्गे जव्हार. सकाळची एसटी पकडा आणि पोट हलकं ठेवा, वळणं बरीच आहेत. जव्हारला स्टँडजवळ मिसळ खाऊन जीपने साखरशेत गाठलं.

तिथली पार्वतीमावशी सुपं-टोपल्या विणते, घर त्यावरच चालतं. तिच्या बांधावरचं अख्खं बांबूचं बेट वाळून पिवळं पडलेलं, पेरापेरांवर तुरे. खाली पडलेलं बी कोंबड्या टिपत होत्या. मी फोटोंचा सपाटा लावला. ती मात्र निवांत.

"मेलं तं मरू दे. लेकीकडचा कंद आणीन."

त्यांच्या घरची रीत अशी, की लेक सासरी गेली की पहिल्या पावसाळ्यात माहेरच्या बेटाचा कंद तिच्या दारी लावायचा. धाकट्या यमुनेचा सूर्यमाळला लावलेला.

"मावशी, कंद म्हणजे याच झाडाचा तुकडा. वय याच्याइतकंच. तोही फुलला असेल."

"लेकीचं बेट पंधरा वर्सांचं, हे माझ्या सासऱ्याच्या हातचं. तू शिकलेली, पण बांबू मी विणते!"

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊनच निघाली. मोखाड्यापर्यंत एसटी, पुढे शेअर जीप, माणशी पन्नास रुपये. भरल्याशिवाय हलत नाही. पिण्याचं पाणी सोबत न्या. सूर्यमाळला उन्हाळ्यात कुणाकडे तांब्याभर मागायचीही लाज वाटते.

यमुनेच्या दारातलं बेट तसंच वाळलेलं, तुऱ्यांनी लगडलेलं. माझं खरं ठरलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यमुना हसत बाहेर आली. "आये, बांबूचा भात टाकलाय. चार दिस तोच खातो."

"समदं बी कांडलंस?"

"हां, जमा केलं तेवढं."

कांडलेलं बी उगवत नाही. मावशीने कपाळावर हात मारला, मग पदर खोचला. "माझ्याकडचं कोंबड्यांनी खाल्लं. जेवू, मंग इथलं उरलंसुरलं उंदरांच्या आधी गोळा करू."

भात गव्हासारखा लागला. सोबत सुकटीची चटणी होती, मी दोनदा वाढून घेतला.

दुपारभर आम्ही तिघी काट्यांत शिरून पाचोळा झाडत होतो. बरेचसे दाणे पोकळ. पाखडताना माझ्या सुपातून बी भुईवर आणि फोलपट सुपात. "बाय, तू फोटोच काढ," मावशी म्हणाली. संध्याकाळी ओंजळभर भरीव बी निघालं.

घरी परतल्यावर फोटो बघितले. फुलं छान आलीत, पण पुन्हापुन्हा बघते तो पाचोळ्यात ओणवलेल्या मावशीचा. जुलैत तिचा फोन आला. रोपं वीतभर झाली होती. शिवाय यमुनेच्या शेजारणीचं बेट दुसऱ्या वाणाचं, न फुललेलं. त्याचा कंद मावशीने मागून आणला होता. "आता समदं एका वयाचं ठेवायचं नाय," ती म्हणाली.

"पण बियाचा बांबू विणण्याजोगा व्हायला दहाएक वर्षं लागतील, मावशी."

"लागू दे. बी टाकलं म्हणून मरायला मी काय कळक हाय?"