एकाच वेगाने हजार किलोमीटर

आमच्या पाणीपुरवठा खात्यात पंप चालवणारे ऑपरेटर बरेच होऊन गेले, पण नुसतं ‘ऑपरेटर’ म्हटलं की सगळ्यांना एकच माणूस आठवायचा. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी त्याची बायको शेजारणीशी बोलताना ‘आमचे ऑपरेटर’ असंच म्हणते. मी त्याच्याच पंपहाउसवर कारकून होतो. तो पंप चालवायचा आणि पंप किती तास चालला ते मी लिहायचो. एकतीस वर्षांत आमचं कामाचं बोलणं झालं ते एवढंच. बाकीचा वेळ दोघं शेजारी बसून पंपाचा आवाज ऐकत असू.

यंत्राबद्दल त्याचं एक ठाम मत होतं. यंत्राला सारखं कमी-जास्त करू नये, एका लयीत चालू द्यावं, म्हणजे ते आपल्याला पुरून उरतं. तीन नंबरचा पंप त्याने अठरा वर्षं मोठं काम न काढता चालवला होता. त्याच जातीचे पंप दुसरीकडे चार-चार वर्षांत खोलावे लागले. म्हणजे त्याचं मत हवेतलं नव्हतं. पुढे जे झालं त्यावरून लोक त्याला हसले, पण मला हसू आलं नाही.

त्याला एकुलती एक मुलगी. सव्वीस वर्षांची झाली तरी घरात तिला बेबीच म्हणतात. लोकांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढायचं आणि ते वेळेत प्रयोगशाळेत पोचवायचं, हे तिचं काम. पहिल्या नोकरीत तिच्याकडे कोणाची तरी वापरलेली जुनी मोटारसायकल होती. त्या गाडीने पोरीचा जीव नकोसा केला. सकाळी गार पडलेली असली की वीस किका मारल्याशिवाय उठायची नाही. चेन सैल पडून चढावर दात सोडायची. प्लग दर आठवड्याला काळा व्हायचा. एकदा भर चौकात क्लचची तार तुटली आणि मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून तिला रडवलं. ऑपरेटर बिचारा रोज पाइप लावून ती गाडी धुवायचा. त्याचं पाणी प्लगच्या टोपीत जाऊन गाडी आणखीच बंद पडायची. वहिनी म्हणायच्या, “आंघोळ घालून आजार बरा होत असता तर दवाखाने कशाला लागले असते?”

दोनदा नमुने उशिरा पोचले, वाया गेले, त्या माणसांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा बेबीची नोकरी गेली. सहा महिने घरी बसल्यावर दुसऱ्या प्रयोगशाळेने बोलावलं. एक तारखेपासून या, पण भरवशाची गाडी घेऊन या, पहिले तीन महिने बघू आणि मग ठरवू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. एक तारखेला सोमवार होता. त्याच्या बावीस दिवस आधी घरात नवीकोरी गाडी आली.

गाडीबरोबर एक छोटं पुस्तक आलं होतं. त्यातला बारीक मजकूर ऑपरेटरला चष्म्यातूनही दिसेना. “तू वाचणारा माणूस, तूच वाच,” म्हणून त्याने ते माझ्या हातात दिलं. मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायला लागलो. इंजिन खुलेपर्यंत, म्हणजे पहिले हजार किलोमीटर, पन्नासच्या वर जाऊ नये. जड ओझं घेऊ नये. उभ्या गाडीचं इंजिन फार वेळ चालू ठेवू नये. तो प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. त्यापुढचं वाक्य असं होतं: एकाच वेगाने फार वेळ चालवू नये, वेग सतत कमी-जास्त करत राहावा.

ते वाक्य मी मनात वाचलं आणि थांबलो. वाटलं, छापताना काही चुकलं असेल. एकतीस वर्षं हा माणूस नेमकं याच्या उलट सांगत आला आणि त्याचे पंप चालत आले. मला तर साधा सायकलचा ब्रेक आवळता येत नाही. आपण कोण सांगणार? पुस्तक मिटून मी म्हणालो, “थोडक्यात काय, सावकाश चालवा म्हणतात.”

“हेच तर मी म्हणतो,” तो म्हणाला आणि खूश झाला.

त्याने लगेच ठरवून टाकलं की एक तारखेच्या आत हजार किलोमीटर आपणच पुरे करायचे आणि मुलीच्या हातात तयार गाडी द्यायची. गाडी माझी आहे की तुमची, असं बेबीने विचारून पाहिलं. हजार होईपर्यंत माझी, असं उत्तर मिळालं. तिला बापाचा स्वभाव ठाऊक होता. शिवाय मनातून तिलाही बरं वाटलं असावं. जुन्या गाडीने तिला इतकं छळलं होतं की नव्या गाडीची कोणी एवढी काळजी घेतंय म्हटल्यावर तिने वाद घातला नाही.

पंपहाउसजवळच्या तलावाभोवती आठ किलोमीटरचा सपाट रस्ता आहे. सिग्नल नाही, चढ-उतार नाही. ऑपरेटर रोज सकाळी तिथे सहा फेऱ्या मारायला लागला. चौथा गिअर, वेग पस्तीस. काटा पस्तीसवर जो बसायचा तो दीड तास हलायचा नाही. मी बाकावर बसून फेऱ्या मोजायचो, हाताला सवयच होती. सायकलवरची पोरं त्याला मागे टाकून जायची. एकदा पेपर टाकणाऱ्याने ‘काका, धक्का देऊ का?’ असंही विचारलं. ऑपरेटरचं लक्ष नसायचं. पाठ ताठ, नजर काट्यावर आणि कान इंजिनाकडे. गाडीचा तो एकसारखा आवाज जवळ यायचा, लांब जायचा, आणि मला पंपहाउसच्या खोलीत बसल्यासारखं वाटायचं. खरं सांगायचं तर त्या सकाळी आम्हा दोघांनाही फार बऱ्या गेल्या. वहिनी मात्र म्हणायच्या, “लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्याबरोबर कधी इतकं सावकाश चालला नाहीत.”

पाचशे झाल्यावर तेल बदलायला गाडी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे नेली. उतरवलेल्या तेलात चमकीसारखे बारीक कण दिसत होते. ते पाहून ऑपरेटरचा चेहरा पडला. मिस्त्रीने समजावलं की नव्या इंजिनात लोखंड लोखंडाला घासतं, पहिल्या तेलात हे यायचंच, उलट काम नीट चाललंय. पण पंपाच्या तेलात चमक दिसली की बेअरिंग गेलं, हे ऑपरेटरच्या हाडीमाशी भिनलेलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने पस्तीसचे तीस केले.

आठशेच्या पुढे कधीतरी मला त्याच्या मागे निळसर धूर दिसला. पहिल्या दिवशी वाटलं, तलावावरचं धुकं असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपले डोळे. तिसऱ्या दिवशी बेबी बाकाशी आली होती. तिने बघितलं आणि ती सरळ रस्त्याच्या मधे जाऊन उभी राहिली. सोमवारला चार दिवस उरले होते.

मिस्त्रीने प्लग काढला तर तो तेलाने ओला. तेल मोजायची पट्टी काढली तर तेल खालच्या खुणेच्याही खाली. मिस्त्री म्हणाला, “ऑपरेटरसाहेब, कशी चालवली?”

त्याने सांगितलं. नऊशे किलोमीटरात एकदाही काटा वर जाऊ दिला नाही, हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. मिस्त्री बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिला. मग त्याने जे सांगितलं ते मला समजलं ते असं. पिस्टनवरची रिंग आणि सिलिंडर एकमेकांना घासून जुळतात. पण त्यासाठी रिंग आतून दाबली गेली पाहिजे, आणि ती दाबली जाते इंजिनाला जोर लावायला लागतो तेव्हा. जोर पडलाच नाही की सिलिंडर काचेसारखा गुळगुळीत होतो, रिंग नुसती घसरते, आणि तेल वर चढून जळतं.

“म्हणजे मी बिघडवली,” ऑपरेटर म्हणाला.

“लोक पळवून बिघडवतात. तुम्ही जपून बिघडवली.”

उपाय विचारला तर मिस्त्री म्हणाला, इंजिन खोलून सिलिंडर खरवडायचा आणि रिंगा बदलायच्या. सामान यायचं धरून दहा दिवस. बेबी म्हणाली, माझ्याकडे चार आहेत. मग तो म्हणाला की एक करून बघता येईल. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर देऊन चढवायची, उतारावर अॅक्सिलरेटरची मूठ सोडून गिअरमध्येच उतरवायची. असं पंधरा-वीस वेळा. रिंग धरली तर धरली. नक्की धरेल का, असं ऑपरेटरने दोनदा विचारलं. नक्की असं काही नसतं, तो म्हणाला.

घरी येताना बेबी गाडी स्वतः ढकलत आमच्या पुढे चालली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टाकीच्या चढाशी गेलो. पंपहाउसच्या मागून टेकडीवरच्या टाकीकडे जाणारा हा रस्ता. तेल पुरेसं भरून मिस्त्रीही आला. आपणच बिघडवली तर आपणच करतो म्हणून ऑपरेटर गाडीवर बसला. तिसरा गिअर टाकला, थोडा वर गेला, इंजिन ओरडायला लागलं, आणि त्याने मूठ सोडून दिली. दोनदा असंच झालं. परत आला तेव्हा कपाळावर घाम होता.

“मनगट वळतच नाही,” तो म्हणाला. “मला कळतं, पण वळत नाही.”

“उतरा, अप्पा,” बेबी म्हणाली.

तिने गाडी घेतली आणि मूठ पूर्ण पिळली. असा आवाज मी पंपहाउसवर कधी ऐकला नाही. ऐकला असता तर पळत जाऊन बटण दाबलं असतं. गाडी वर गेली, आवाज टेकडीवर आदळून परत आला. मग गुरगुरत खाली. पुन्हा वर. ऑपरेटर पंपहाउसच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दर वेळी आवाज चढला की त्याचे खांदे वर जायचे.

सातव्या-आठव्या खेपेला मला राहवलं नाही. मी त्याच्या शेजारी जाऊन भिंतीकडेच बघत सांगितलं की पुस्तकात हे लिहिलं होतं. एका वेगाने चालवू नका, असं स्पष्ट होतं. मी वाचलं आणि तुला सांगितलं नाही.

वर इंजिन ओरडत होतं.

“सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, “पण सांगायला हवं होतंस.”

यातलं कोणतं वाक्य खरं धरावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

विसाव्या खेपेनंतर मिस्त्रीने सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरला. सकाळी पहिल्या खेपेआधी धरलेल्या कागदावर तेलाचे ठिपकेच ठिपके होते. या कागदावर कमी होते, पण होते. ‘निम्मा धूर गेला,’ तो म्हणाला. उरलेला महिन्या-दोन महिन्यांत जाईल, नाहीतर राहील. राहिला तर इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही. तोवर रोज तेल बघा, कमी झालं की भरा, आणि गाडीला जपू नका. शेवटचं तो ऑपरेटरकडे बघून म्हणाला.

दहा दिवस थांबून चालणार नव्हतं. शनिवार-रविवार बेबी आणखी चढ चढवून आली. ऑपरेटर दोन्ही दिवस घरीच बसून होता. गाडी आली की पट्टी काढून तेल बघायचा, पुसायचा, पुन्हा बघायचा. गरम इंजिनात खरी पातळी दिसत नाही, दहा मिनिटं थांबा, असं तिला त्याला सांगावं लागलं.

सोमवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. नमुन्यांचा डबा मागे बांधला होता आणि शेजारच्या पिशवीत तेलाची बाटली होती. वहिनी दारात उभ्या होत्या. बेबीने गाडी सुरू केली. मागून एक बारीक निळी रेघ निघाली. ती आम्ही चौघांनीही पाहिली.

ऑपरेटर फाटकाशी गेला. त्याला काहीतरी सांगायचं होतं. हात वर केला, तोंड उघडलं. ‘सावकाश जा’ म्हणायची सोय त्याला राहिली नव्हती, आणि ‘जोरात जा’ म्हणणं कुठल्याच बापाला जमत नाही. बेबी क्षणभर त्याच्याकडे बघत थांबली. मग घड्याळ पाहून तिने गिअर टाकला.

“पोचलीस की फोन कर,” तो म्हणाला, तेव्हा गाडी वळणापलीकडे गेली होती.