दाजीच्या फुप्फुसांतली गर्दी

देवबागच्या दाजीला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. जेवतानाही त्याचं अर्धं लक्ष दर्याकडे. "ह्येंका ताटापेक्षा व्हडी जवळची," असं त्याची बायको यशोदा म्हणे. तो रापणीचा म्होरक्या. रापण म्हणजे होडीतून अर्धगोल टाकलेलं लांबलचक जाळं. ते दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढायला सगळी वाडी लागते. पाणी बघून कधी टाकायचं, कधी ओढायचं, हे दाजी ठरवी. त्याचा हात वर गेला की दोर ताणले जात आणि खाली आला की सैल पडत.

दोन हजार चारच्या श्रावणात त्याला ताप आला. तो अंगावर काढत जाळं सांधत बसला. मग एका सकाळी अंगणात उतरताना धाप लागून तो खालीच बसला. यशोदेनं रिक्षा बोलावून त्याला कुडाळच्या दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया निघाला.

औषधांनी ताप उतरला, पण धाप वाढतच गेली. यशोदेचा पाय ठरेना. खाटेपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालता घालता तिनं डॉक्टरांना गाठलं.

"ताप गेलो, मगे ह्येंका श्वास कित्याक गावणा नाय?"

"जंतू बहुतेक मेलेत, बाई. आता त्रास होतोय तो दाजींच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा. जंतूंशी लढायला त्या फुप्फुसांत धावून आल्या. त्या जे जहाल रस सोडतात त्यानं जंतू मरतात, पण फुप्फुसाचं नाजूक अस्तरही जळतं. मग आत पाणी झिरपतं. त्यात त्या आणखी पेशींना बोलावत राहतात."

"म्हंजे आपलीच माणसा?"

"आपलीच. वाईट कुणी नाही, पण थांबायचं कुणाला कळत नाही. त्यांना आवरायचं औषध सुरू केलंय. तोवर ऑक्सिजनचा मास्क काढायचा नाही, बोलायचं नाही. हे पाळलंत तरच ते वाचतील."

दाजीला पडून राहायला सांगणं म्हणजे वाऱ्याला दावं बांधणं. तो मास्क ओढी, ती पुन्हा लावी.

त्यात रापणीची रीत आडवी आली. एक माणूस आडवा झाला की बाकीच्यांनी घरी बसायचं नाही. सगळे एसटीतून उतरले आणि खाटेभोवती उभे राहिले. कुणी पेजेचा डबा आणला, कुणी देवाचा अंगारा. कुणी पाय चेपू लागलं. खिडकी त्यांच्या पाठींनी झाकून गेली. सर्वांत पुढे बाबू, दाजीचा उजवा हात.

"दाजी, पुनव झाली. दर्याक नारळ दिलो. रापण कधी घालूची ता सांग."

दाजीनं मास्क हनुवटीखाली ओढला. "पाणी... कसा आसा?"

"गढूळ."

"मगे थांबा... वारो जरा..." पुढचा शब्द आलाच नाही. ओठ निळे पडले. सगळे आणखी पुढे सरकले. "पाणी दी रे!" "पाठ चोळ!" "उठवून बसय तेका!"

पुरुषमाणसांपुढे कधी आवाज न चढवलेली यशोदा मधे घुसली. तिनं मास्क लावला आणि बाबूच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे लोटलं.

"भायर व्हा. सगळे."

"वैनी, आमी काय परके?"

"परके आसतास तर दारात तरी थांबलास असतास! आतसून त्या पेशींची गर्दी आणि भायरसून तुमची. ह्येंनी श्वास खंयसून घेवचो?"

"रापणीची रीत आसा, वैनी."

"रीत दर्यार. हंय रवलास तर रीत पाळूक दाजी उरूचो नाय."

कुणी डबा उचलला, कुणी तसाच ठेवला. बाबू जाताना म्हणाला, "हो अपमान ध्यानात ठेवतलंव." दाजी तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. बोलता येईना, म्हणून मुठीनं गादी बडवत राहिला. ती स्टूल ओढून बसली. एक हात मास्कवर, दुसरा त्याच्या मुठीवर.

दाजी वाचला. पण फुप्फुसांत वण राहिले आणि दोराला हात लावणं कायमचं सुटलं. आता तो किनाऱ्यावर माडाला टेकून असे. तिथंही त्याला स्वस्थता नव्हती. दर घटकेला उठे, चार पावलं जाई, धापा टाकत परत येई. बाबू दाजीशी बोले, यशोदेशी नाही. आणि दाजी भेटेल त्याला सांगत सुटे, "हिणा माझ्या माणसांक दवाखान्यातसून भायर काढल्यान!"

यशोदा मासळी कापता कापता ऐकत असे. एवढं लांब वाक्य तो एका दमात म्हणतो की मधे थांबतो, तेवढंच ती ऐके. ज्या दिवशी तो मधे थांबे, त्या दिवशी तिच्या हातातली सुरी थांबे.