चार पायऱ्या आणि एक्केचाळीस माहितीपट

गेल्या वर्षभरात तुम्ही लोकांना किती लिंका पाठवल्यात, आणि त्यातली एक तरी त्यांच्या शेजारी बसून शेवटपर्यंत पाहिलीत का?

मी एक्केचाळीस पाठवल्या होत्या. शेजारी बसून पाहिलेल्या शून्य. म्हणून विचारतेय.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा रत्नागिरीहून आले ते घोडबंदरच्या बाजूला एका कारखान्यात लागले आणि तिथेच युनियनचं काम करायला लागले. आमच्या घरी जेवणानंतर ताटं उचलली की त्याच जागेवर पत्रकांचे गठ्ठे यायचे. बाकीची मुलं कागदाच्या होड्या करत होती, तेव्हा मी तीन घड्यांत पत्रक दुमडायला शिकले. वाचायलाही मी त्यावरच शिकले. त्यामुळे एखादी गोष्ट अन्यायाची वाटली की ती आधी छापली पाहिजे, असं मला अजूनही वाटतं.

कॉलेजात असताना मला डिझाइनवरच्या माहितीपटांचा नाद लागला. एक माहितीपट अख्खा खुर्चीवर होता. शाळेतली, साहेबाची, बस स्टॉपवरची खुर्ची, आणि त्या त्या खुर्चीत बसलेला माणूस किती वेळ गप्प राहतो ते. एका भाषणात एक बाई पाव तास फक्त दारांविषयी बोलत होती. ढकलायचं दार आपण ओढतो आणि वर स्वतःलाच मूर्ख म्हणतो, दार बनवणाऱ्याला कधीच काही म्हणत नाही, हा तिचा राग होता. रस्त्यावरच्या पाट्यांची अक्षरं आखणाऱ्या माणसांवरचा एक माहितीपट मी तीनदा पाहिला. या सगळ्यातून मला एकच गोष्ट कळली आणि ती मी आजही छातीठोकपणे सांगते. आपल्या आजूबाजूची प्रत्येक वस्तू अशी असावी हे कुणीतरी ठरवलेलं असतं. ठरवलेलं पुन्हा ठरवता येतं. बाबांची पत्रकं हेच सांगायची, फक्त त्यात खुर्च्या नव्हत्या.

पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या इमारतीत कुणीतरी चार पायऱ्या ठरवल्या होत्या. लिफ्ट खाली येते, दार उघडतं, आणि तिथून अंगणात उतरायला चार पायऱ्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना अर्धांगवायू झाला आणि या चार पायऱ्यांनी त्यांना आठ महिने घरात बसवलं. काका मूळचे नवघरचे, मिठागरवाल्या घरातले. उभं आयुष्य त्यांनी उघड्यावर काढलेलं. आमच्या इमारतीत राहायला आल्यावरही ते रोज संध्याकाळी खालच्या बाकावर बसायचे. आता चाकाच्या खुर्चीत खिडकीशी बसून त्या रिकाम्या बाकाकडे बघायचे.

सोसायटीने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. पायऱ्यांवर एक लोखंडी पत्रा टाकून पाहिला होता. तो इतका उभा होता की खुर्ची घसरली आणि ती धरताना काकांच्या सुनेचं मनगट मुरगळलं. पत्रा गच्चीवर गेला. सेक्रेटरी अंकल मला समजावणीच्या सुरात म्हणाले होते, “बेटा, रॅम्प तो ट्राय किया ना. जगह ही नहीं है.”

वार्षिक सभा पंधरा दिवसांवर होती. तिथे हा विषय निघाला नाही तर पुढचं वर्षही काका खिडकीतच, हे मला दिसत होतं. मग मी यादी केली. एक्केचाळीस माहितीपट आणि भाषणं. पहिली सात पायऱ्या, उतार आणि कुठल्या इमारतीत कुणाला शिरता येतं याविषयीची. प्रत्येकापुढे स्कॅन करायचा चौकोन. वर मोठ्या अक्षरांत ‘पाहा आणि विचार करा’. दोन्ही बाजूंनी छापून सकाळच्या पेपराआधी प्रत्येक दाराखालून आत सरकवली. सगळे बघतील, सगळे पेटून उठतील आणि सभेत एका आवाजात रॅम्प मागतील, असा माझा हिशोब होता.

आठवड्याने सोसायटीच्या ऑफिसात गेले तर माझं पत्रक टेबलाच्या डगमगत्या पायाखाली होतं. घड्यांवर घड्या घालून. टेबल आता अगदी स्थिर होतं.

घरी येऊन मी बाबांसमोर चिडचिड केली. लोकांना विचारच करायचा नाही, वगैरे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमची पत्रकं भज्यांना गेली, तुझं टेबलाला गेलं. प्रगती आहे, बाय.”

मग त्यांनी मला कारखान्याच्या गेटवरची रीत सांगितली. इतकी वर्षं मी पत्रकं दुमडली होती, पण वाटायला कधी गेले नव्हते, त्यामुळे मला ती माहीतच नव्हती. पाळी सुटली की घाईतल्या माणसाला पत्रक द्यायचं नाही. जो थांबेल त्याच्या हातात द्यायचं, पहिली ओळ त्याला मोठ्याने वाचून दाखवायची आणि मग गप्प उभं राहायचं. तो काय म्हणतो ते ऐकायचं. पुढच्या पत्रकाचा मजकूर तिथूनच यायचा. बाबा म्हणाले, “दाराखालून टाकून पळालीस म्हणजे तुला उत्तर नकोच होतं.”

हे मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. एकच माहितीपट निवडला होता, जुन्या इमारतींना उतार जोडत फिरणाऱ्या एका परदेशी बाईचा. खाली येणारी संवादांची पट्टी इंग्रजीत होती, म्हणून मी मध्ये मध्ये थांबवून काकांना मराठीत सांगत होते. पहिली दहा मिनिटं ते डोळे अर्धे मिटून बघत होते. मला वाटलं, झोपले. मग ती बाई एका वाचनालयाचा नवा उतार अभिमानाने दाखवायला लागली, तसा त्यांचा चांगला हात वर आला.

“थांबव. ह्यो उतार जास्त हाय.”

मी म्हटलं, काका, त्या या विषयातल्या मोठ्या बाई आहेत.

“आसंल. मिठागरात न्हाय गेली ती.” मग त्यांनी मला नीट समजावलं. मिठागरात समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडतात. उतार जास्त झाला तर पाणी धावतं आणि मीठ बसत नाही. कमी झाला तर पाणी तिथेच राहतं. वीतभर उंची उतरवायला किती लांब जायचं, हे त्यांना नजरेने कळायचं. “पानी पललं न्हाय पायजे, चाललं पायजे,” ते म्हणाले. “खुर्चीचा बी तसाच.”

मी विचारलं की आपल्याकडे इतकं लांब जायला जागा कुठे आहे. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. आठ महिने ते त्या खिडकीतून खाली बघत होते. “सरळ कशाला जाते? वलून जा. तो कारंजा हाय ना, मेलेला.”

पायऱ्यांच्या बाजूला, भिंतीलगत, एक कारंजं आहे. म्हणजे होतं. इमारत विकताना ते चित्रात उडत होतं, नंतर कधी उडालं नाही. मी रोज त्याच्या बाजूने जात होते. एक्केचाळीस माहितीपट पाहिलेल्या माझ्या डोळ्यांना ती जागा दिसली नव्हती.

सभा अंगणात होती. काकांना दोघांनी उचलून पायऱ्यांवरून खाली आणलं. असं उचललेलं त्यांना आवडत नसे. सामान झाल्यासारखं वाटतं, असं ते सुनेला म्हणायचे. पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच सांगितलं, उचला. रॅम्पचा विषय निघाला आणि अंकलनी जागेचं तेच वाक्य सुरू केलं, तेव्हा काकांनी माझ्याकडे पारदर्शक पाइप आणि पाणी मागितलं. गवंडी पाइपातल्या पाण्यावरून लेव्हल काढतात तसा तो पाइप मी एका टोकाला धरला, बाबांनी दुसऱ्या. काका खुर्चीतून सांगत गेले आणि त्यांच्या सुनेने भिंतीवर खडूची रेघ ओढली. दारापासून कारंज्यावरून, कोपऱ्यात वळून, परत बाकापर्यंत. लोक खुर्च्यांवरून उठून रेघेपाशी आले. अंकल दोनदा रेघेवरून चालले. मग म्हणाले, “फाउंटन वैसे भी बंद ही है.” ठराव तिथेच झाला.

रॅम्प दीड महिन्याने तयार झाला. काका पहिल्यांदा सुनेचा हात न लागता, चांगल्या हाताने चाक आवरत आणि चांगल्या पायाने दिशा धरत खाली आले, वळणावर थांबले आणि गवंड्याने तिथे बोटभर चढ ठेवलाय म्हणून त्याला चार शब्द सुनावले. मग बाकाशेजारी जाऊन बसले. आता आम्ही दर रविवारी तिथेच एक माहितीपट बघतो. सगळे त्यांना पटतात असं नाही. दारांवरचं भाषण पटलं, खुर्च्यांवरचा माहितीपट अर्ध्यात बंद करायला लावला.

म्हणून मी इथे नावांची यादी देत नाही. ती चूक माझी करून झालीय. तुम्ही पाहिलेल्या चांगल्या माहितीपटांतला एकच आठवा. तुमच्याच इमारतीत ज्याचा विचार न करता एखादी गोष्ट ठरवली गेलीय, असा एक माणूस शोधा. या रविवारी फोन घेऊन त्याच्या घरी जा, शेजारी बसा, आणि तो “थांबव” म्हणाला की थांबवा.