दारावरचा लाल उंदीर

दार उघडताच ओल्या खळीचा आंबूस वास आला आणि मग तो दिसला: लाल कागदातून कातरलेला उंदीर, बैलाच्या पाठीवर ऐटीत बसलेला. मिशा, शेपटीचं वळण, बैलाच्या अंगावरची फुलं, सारं किती नाजूक कोरलेलं होतं. पण सौंदर्य पाहायला मन निर्मळ लागतं, माझं नव्हतं. आंग मो किओच्या या परदेशी वसाहतीत, आमच्या मजल्यावर आम्हीच तेवढे मराठी. मग उंदीर आमच्याच दारावर का? फोडणीच्या वासाबद्दलची ही तक्रार, की आम्ही अस्वच्छ आहोत असं सुचवणं? गणपतीच्या पायाशी ज्याचं कौतुक वाटतं, तोच दारावर दिसताच मला अपमान वाटला.

समोरच्या चिनी आंटींच्या उंबऱ्याशी लाल कपटे पडले होते. लिफ्टमधल्या हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. मी बेल वाजवली.

"हे तुम्ही लावलंत? का?" मी इंग्रजीत विचारलं.

"तुझा नवरा आमच्या पंचांगात उंदराच्या वर्षातला, लाह," इथल्या बोलीतलं ते 'लाह' जोडत त्या शांतपणे म्हणाल्या. "येणारं वर्ष घोड्याचं, उंदराला जड. बैल त्याचा मित्र. तो सांभाळेल."

"त्याचं जन्मवर्ष तुम्हाला कसं कळलं?"

"खाली व्हॉइड डेकवर भेटतो ना, दुपारी. त्यानेच सांगितलं."

दुपारी? मंदार तर रोज वन-नॉर्थला ऑफिसात असतो. आपण जास्त बोललो, हे आंटींना उमगलं असावं. त्यांनी नजर वळवली. मघापर्यंत शेजारणीच्या दारात घुटमळणारा माझा संशय मुकाट्याने माझ्याच घरात येऊन बसला. हल्ली फोन आला की मंदार कॉरिडॉरमध्ये जाई. ऑफिसातल्या कुणाचं नावही घेत नसे. कोण असेल ती? ज्याचा श्वास अंधारातही ओळखू येतो, त्याचा दिवस आपल्याला इतका अनोळखी कसा असतो?

त्याच दुपारी मी खाली गेले. इमारतीखालच्या त्या मोकळ्या जागेत, दगडी बाकावर तो एकटाच बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लॅपटॉपची बॅग. मला पाहून तो उठला नाही.

"कंपनीने नोटीस दिलीय," तो म्हणाला. "ऑफिसला येऊ नका म्हणाले. महिनाअखेरीला इथे राहायचा, काम करायचा पास रद्द होईल. दुसरी नोकरी मिळाली की तुला सांगणार होतो."

मला राग आला. परक्या बाईला सांगता आलं ते मला का नाही? पण रोज सकाळी तो केवळ माझ्यासाठी तयार होत होता, हे त्या शर्टाच्या घडीत दिसत होतं.

"डबा खाल्लास?"

त्याने बॅगेतून डबा काढला. भरलेलाच होता. मी शेजारी बसले, झाकण उघडलं आणि पोळीचे दोन भाग केले.