आमची गाय वांझ नव्हती

आपल्या कळंबच्या गोठ्यातली तांबडी गाय विकायची नाही, असं मी चार लोकांत सांगितल्याचं तुमच्या कानावर आलंच असेल. बाळांनो, आता ते माझ्याकडूनच ऐका, क्रमाने.

ही गाय घाटघरच्या बाजूची, डोंगरातली. शेजारच्या संकरित गायी यंत्र लावलं की दूध देतात, पण ही वासरू आचळाला लागल्याशिवाय पान्हा सोडत नाही. म्हणून वासरू कायम तिच्या तोंडाशी बांधलेलं असायचं, दावं लांब, हवं तेव्हा प्यायचं. व्यायल्याला कितीतरी महिने झाले, गाय अंगाने भरलेली, पण पुन्हा गाभण राहण्यासाठी माजावर येईना. डॉक्टरांना तपासणीत काही आजार सापडला नाही. तेव्हा तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर, थेट व्यापाऱ्यालाच घेऊन आले.

व्यापारी गायीभोवती फिरला. "वांझ झाली राव ही. खायला काळ, भुईला भार."

"कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"वहिनी, तुमी आत जा," भाऊजी म्हणाले. "ह्यात बायकांनी बोलायचं न्हाई."

आपल्याकडे रीतच तशी. शेण बायकांनी काढायचं, धार बायकांनी काढायची, पण गाय माजावर आली की तो शब्द तोंडातून काढायचा नाही, "गाय वरडतीया" एवढंच म्हणून बाजूला व्हायचं. मी आत गेले नाही.

"गाय वांझ नाही," मी म्हणाले. "वासरू सारखं अंगाशी असतं, सारखं पितं, तोवर तिच्या मेंदूत अफूसारखं एक द्रव्य तयार होत राहतं. ते मेंदूचं स्वतःचंच असतं. अंडाशयाला जाणारा मेंदूचा हुकूम ते दाबून धरतं. हुकूम पोचला नाही तर माज कुठून येणार?" हे सगळं मी फोनवर इंग्रजीतून दोनदा वाचलं होतं.

व्यापारी हसला. "म्हंजे गाय नशेत हाये व्हय?"

"तान्ह्याची आई आहे ती. भाऊजी, तुमच्या पुतण्याला पाजत होते तेव्हा माझीही पाळी वर्षभर आली नव्हती. मला कुणी बाजार दाखवला नाही."

भाऊजी चपलेकडे बघत म्हणाले, "लई शिकल्यावर असं व्हतं. गौरी जाईस्तोवर बघू. मग गाय गेलीच समजा."

त्याच दिवशी वासरू मी घरामागे नेऊन बांधलं, गायीला ना दिसेल ना वास येईल असं. सकाळ-संध्याकाळ धारेपुरतं आणायचं, पान्हा सुटला की बाजूला घ्यायचं, धार झाली की त्याच्या वाटणीचं पाजायचं आणि परत न्यायचं. चारा ते खातच होतं. गाय पहिले काही दिवस हंबरत राहिली. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "आजी, मायलेकरं तोडताय, कुठं फेडाल हे?"

"आणि व्यापाऱ्यानं नेली असती, तर तू पाजायला येणार होतीस का त्याला?"

ती आठवडाभर माझ्याकडे ताक मागायलाही आली नाही.

गौरी बसायच्या आधीच एका सकाळी गाय पुन्हा ओरडू लागली. या वेळी घरामागे बघत नव्हती. वैरणीला तोंड लावेना, आणि शेपटीखाली चिकट स्रावाची काचेसारखी स्वच्छ तार लोंबत होती. मी तशीच ओटीवर गेले. भाऊजी दोघा गाववाल्यांबरोबर चहा पीत बसले होते.

"भाऊजी, गाय माजावर आली आहे. डॉक्टरांना बोलवा."

गाववाले कपात बघू लागले. भाऊजींनी फोन लावला. "डॉक्टर, गाय... वरडतीया."

मी तिथेच उभी राहिले.

"माजावर हाये," ते म्हणाले. "लवकर या."

डॉक्टरांनी कृत्रिम रेतन करून गाय भरवली आहे, गाभण आहे की नाही ते अजून कळायचं आहे. त्या व्यापाऱ्याचा फोन आला की भाऊजी तो माझ्या हातात देतात. गाभण नसली, तर पुढच्या माजाची वाट बघू, असं मी त्याला सांगते. गाय इथेच राहील.