सूर्यफुलाच्या बांधावरची मावशी

"दम धर की रे! माश्या कामावर हायत." बांधापलीकडची मावशी मधमाश्यांबद्दल असं बोलायची, जणू कारखान्याची पाळी सुरू आहे.

मावशी नात्यातली नव्हे. तेलगावकडं आमचं रान लागून लागून, एवढंच. सगळा शिवार ऊस-कापसाचा आणि हिचं उन्हाळ्यात दहा गुंठे सूर्यफूल! "एवढ्या तेलात काय भजी तळतीस?" मी चिडवायचो. "तुझ्या लग्नाला तळीन," ती म्हणायची. माझ्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती.

सूर्यफुलाची तिला लई माहिती. कोवळेपणी ते सूर्याबरोबर फिरतं आणि भरात आलं की उगवतीकडं तोंड करून थांबतं. "सकाळी तोंड लौकर तापतंय, म्हणून माशी आधी तिथंच येती," ती सांगायची. मी हूं म्हणायचो आणि विसरायचो.

त्या साली माझ्या टरबुजावर फुलकिडे पडले, पानं आकसली. मी फवारणीला दोन गडी आणले, औषध कालवलं. सकाळचे आठ वाजलेले, तिकडं सूर्यफूल ऐन फुलोऱ्यात. मावशी पळतच बांधावर आली.

"संध्याकाळी मार. माशी घरी जाऊ दे. पाया पडते तुझ्या."

"गडी काय संध्याकाळपर्यंत थांबतेत का?"

"माशी मेली तर माझं सगळं बी पोचट ऱ्हाईल रे!"

"मग ऱ्हाऊ दे! माझं पीक मरायलंय ते न्हाई दिसत?"

तिनं पंपाची नळी धरली. मी तिचा हात झटकला. हो, झटकला. तुमच्यापासून काय लपवायचं? गडी नुसते बघत राहिले, तर मी त्यांच्यावरच ओरडलो, "मारा बे, बघताय काय!"

दुपारी बांधावरच्या बाभळीखाली माश्यांचा सडा पडला होता. वर मोहोळ रिकामं.

दुसऱ्या दिवसापासून मावशीनं जुन्या लुगड्याचं तलम कापड तळहाताला गुंडाळलं आणि एकेका फुलावरून हळूच हात फिरवायला लागली. या फुलाचे पराग त्या फुलाला लागावेत म्हणून. माशीचं काम एकटी म्हातारी करत होती. तिसऱ्या दिवशी मीही कापड गुंडाळून गेलो.

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "तुझ्या हाताला औषधाचा वास हाय. फुलाला लावू नको."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या आठवड्यात माझ्या टरबुजाची मादी फुलं गळायला लागली, फळ धरेना. तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्याच माश्या माझ्याही वेलावर राबत होत्या! मी आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

एका सकाळी रानात गेलो तर मावशी माझ्या वेलांत उकिडवी बसलेली. नर फूल तोडायची, मादी फुलाला अलगद टेकवायची आणि पुढं सरकायची. निम्मं रान तिनं उरकलं होतं.

"मावशी, हे कावून करतीस?" मी विचारलं.

"भांडण तुझ्याशी हाय. वेलाशी न्हाई."

एवढंच बोलली. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "बोलू नको, ऊन चढायलंय. तिकडनं धर." मी समोरच्या ओळीत बसलो. म्हटलं, फळ निघालं की मागू, रीतसर.

टरबूज पिकलं. पहिलं, सगळ्यांत मोठं, खांद्यावर घेऊन तिच्या घरी गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "परवा छातीत दुखायलं म्हणून अंबाजोगाईला दवाखान्यात नेलंतं. काल रात्री तिथंच गेली की रे ती."

मी कितीतरी वेळ ते टरबूज तसंच धरून उभा होतो. खाली ठेवायचं सुचलंच नाही.