कोपराखाली चार बोटं

अनंतराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांनी शहराबाहेरच्या प्लॉटवर घर बांधायला काढलं, तेव्हा बांधकामातला एकही शब्द त्यांना येत नव्हता. शिकल्या त्या त्यांच्या पत्नी, पद्मिनीबाई. आणि शिकल्या की जगाला शिकवायच्या. समता कॉलनीत मी त्यांची शेजारीण, भिंतीला भिंत. मला कुठली सुटका! प्लिंथ म्हणजे आपलं जोतं, ते रस्त्यापेक्षा उंच हवं, नाहीतर नालीचं पाणी घरात. लिंटेल म्हणजे दाराच्या डोक्यावरची आडवी पट्टी, वरच्या भिंतीचा भार तीच घेते. तराई म्हणजे ओतलेल्या स्लॅबला रोज पाणी पाजणं. नाही पाजलं तर तडे जातात. "घर बांधून राहिल्या की इंजिनियरची परीक्षा देऊन राहिल्या?" मी चिडवायची.

स्लॅब ओतून झाला आणि त्याच आठवड्यात पद्मिनीबाई झोपेतच गेल्या.

अनंतराव रडले नाहीत. सुतकात घर माणसांनी भरलेलं, आणि हे सकाळी स्कूटर काढून प्लॉटवर, हातात पाण्याचा पाइप. लोक नावं ठेवायला लागले. मलाही रागच आला.

"काहून जाता हो रोज?"

"तराई आहे," एवढंच म्हणाले. चेहरा कोरा.

हैदराबादहून आलेला मुलगा सचिन, त्याला घरातही हिंदीचीच सवय, म्हणाला, "बाबा, अब किसके लिए बनाना? ढाँचा ही बेच देते हैं. आप हमारे साथ चलो." त्यावर अनंतराव हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मुलानं गप्प बसण्याला होकार समजून गिऱ्हाईक शोधायला घेतलं.

स्लॅबखालचे टेकू निघाल्यावर सचिन काम थांबवायला प्लॉटवर निघाला. मीही चहा घेऊन सोबत गेले. अनंतराव तिथेच होते. दयाराम मिस्त्री स्वयंपाकघरात ओट्याच्या तयारीत होता. ओट्याची उंची ठरवायची त्याची एकच रीत: रांधणाऱ्याच्या कोपराखाली चार बोटं. पद्मिनीबाईंचं माप त्यानं आधीच भिंतीवर कोळशानं ओढून ठेवलं होतं. बाई बुटक्या, रेघही खालीच.

"बाबूजी, इसी निशान पे बना दूँ?"

"काम बंद करो, भैया," सचिन म्हणाला.

अनंतराव भिंतीपाशी गेले. त्यांनी रेघेशेजारी हात कोपरात दुमडला.

"दयाराम, मेरा नाप ले," ते म्हणाले. आणि मुलाकडे न बघताच, "आता मलेच रांधायचं आहे."

दयारामनं त्यांच्या कोपराखाली चार बोटं धरली आणि नवी रेघ ओढली.

ओटा त्या रेघेवर झाला. जुनी रेघ ओट्याखाली, सिलिंडरच्या मागे राहिली; तिथे अनंतरावांनी प्लास्टर करू दिलं नाही. जन्मात कधी चहा न उकळलेल्या त्या माणसानं परवा नव्या घरात मला वरणभात वाढला. वरणात मीठ विसरले होते. मी तसंच खाल्लं आणि मला रडू आलं. अनंतराव समोर बसून जेवत होते. त्यांना मीठ नसल्याचं कळलंही नव्हतं.